टॅक्सीचा फिटनेस दर दोन वर्षांनी, चालकाचा कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॅक्सी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेससाठी उभी राहते. ब्रेक, हेडलाइट, वायपर, टायर, सगळे पाहिले जाते. एक दिवा बंद निघाला तरी गाडी परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. ती गाडी दिवसाला दहा-बारा तास हाकणाऱ्या माणसाचे काय पाहिले जाते, हा प्रश्न मात्र बसच्या किंवा टॅक्सीच्या एखाद्या मोठ्या अपघातानंतर चार दिवस निघतो आणि विरतो. परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी नेमकी कशी होते, त्यात काय सुटते आणि ते थोडक्या साधनांत कसे भरून काढता येईल, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी कायदा. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी, म्हणजे टॅक्सी, बस, ट्रक अशी व्यावसायिक वाहने चालवण्याच्या लायसन्ससाठी, डॉक्टरने भरलेला फॉर्म १-ए लागतो. साध्या लायसन्सला अर्जदाराने स्वतः भरलेला फॉर्म १ पुरतो, आणि चाळिशीनंतर तिथेही १-ए मागतात. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षे होती; मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. म्हणजे तपासणीचे अंतरही आपोआप दोन वर्षांनी वाढले. त्याच दुरुस्तीने तिशीच्या आत काढलेले साधे लायसन्स थेट वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालू लागले.

मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे (माणसे-मालासह) व्यावसायिक वाहन लायसन्सवर वेगळी नोंद न करता चालवता येईल, आणि ट्रान्सपोर्ट वाहनांसाठीच्या जादा पात्रता-अटी त्याहून जड गाड्यांच्या चालकांनाच लागू राहतील. निकालाला आमचा आक्षेप नाही. वाद विम्याच्या भरपाईचा होता, आणि नोंदीच्या तांत्रिक कारणावरून अपघातग्रस्तांचे पैसे अडत होते. पण याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवलेला नाही. अठराव्या वर्षी साधे लायसन्स काढणारा तरुण आता चाळिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षे, टॅक्सी चालवू शकतो आणि लायसन्सच्या कायद्याप्रमाणे त्याला एकदाही डॉक्टरसमोर बसावे लागत नाही. त्या बावीस वर्षांत त्याच्या हाताखालून जाणारी प्रत्येक गाडी मात्र फिटनेसला जाऊन आलेली असेल.

आता खुद्द फॉर्म १-ए. त्यात डॉक्टरला विचारलेले प्रश्न थोडके आहेत: दृष्टीत दोष आहे का, असल्यास चष्म्याने सुधारला आहे का, रंग ओळखता येतात का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का, नेहमीचे भोंगे ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही व्यंग आहे का. शेवटी रक्तगट, तोही ऐच्छिक. म्हणजे अपघात झाल्यावर उपयोगी पडणारी माहिती फॉर्मला सुचली, पण अपघात होण्याआधी उपयोगी पडणारी रक्तातली साखर सुचली नाही. रक्तदाब नाही, फिट येते का हा प्रश्न नाही, झोपेचा तर उल्लेखही नाही. गंमत म्हणजे फिट, चक्कर आणि अचानक शुद्ध हरपणे यांबद्दलचा प्रश्न अर्जदाराने स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये आहे. जो प्रश्न डॉक्टरने खोदून विचारायचा, तो पोटासाठी लायसन्स हवे असलेल्या माणसाच्या सहीवर सोडलेला.

जे विचारले आहे तेही कसे तपासले जाते ते पाहू. मोटारीच्या नंबर प्लेटवरची अक्षरे ६५ मिलिमीटर उंच असतात. २५ मीटरवरून ती वाचता येणे म्हणजे दवाखान्यातल्या स्नेलेन तक्त्यावर (अक्षरांच्या ओळी लहान होत जाणारा तक्ता) साधारण ६/१० ते ६/१२ ची ओळ वाचता येणे, म्हणजे निरोगी डोळ्याला दहा-बारा मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे. किमान मर्यादा म्हणून हे ठीक आहे. पण २५ मीटर लांब खोली कोणत्या दवाखान्यात असते? प्लेटची कसोटी कागदावरच राहते. प्रामाणिक डॉक्टर सहा मीटरवरचा तक्ता वापरतो, जागा नसेल तर तीन मीटरवर आरसा लावून उलटा तक्ता वाचून घेतो. दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून पाहावेत असे प्रश्नात म्हटलेले नाही, त्यामुळे एका डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू असलेला चालक दोन्ही डोळे उघडे ठेवून सहज उत्तीर्ण होतो. शिवाय कसोटी 'चांगल्या उजेडातली' आहे आणि टॅक्सीचा बराच धंदा रात्रीचा. सुरुवातीच्या मोतीबिंदूत दिवसा तक्ता नीट वाचता येतो, पण समोरून हेडलाइट आला की प्रकाश भिंगात विखुरतो आणि काही क्षण रस्ता पांढरा दिसतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. खोलीतला दिवा मंद करून, डोळ्याच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरका धरून तोच तक्ता पुन्हा वाचायला लावला आणि वाचन दोन ओळींनी घसरले, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

याहून मोठी उणीव दृष्टिक्षेत्राची. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. असा माणूस तक्त्याची शेवटची ओळ वाचतो आणि डावीकडून रस्ता ओलांडायला आलेले मूल त्याला दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे त्यालाही पत्ता नसतो. याची प्राथमिक तपासणी दोन मिनिटांची आहे. डॉक्टरने एक मीटरवर समोरासमोर बसायचे. चालकाने उजवा डोळा झाकायचा, डॉक्टरने स्वतःचा डावा. दोघांनी एकमेकांच्या उघड्या डोळ्यात पाहत राहायचे आणि डॉक्टरने हलते बोट कडेकडून आत आणायचे, वर-खाली, डावी-उजवीकडे. बोट दोघांना साधारण एकाच वेळी दिसायला हवे. मग दुसरा डोळा. तपासणी ढोबळ आहे, सौम्य दोष तीत सुटतात. पण आज जे पूर्ण सुटते त्यातले मोठे दोष तरी हाती लागतील.

रंगांबद्दल एवढेच की २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना मुभा मिळाली ते योग्य झाले. सिग्नलचा लाल दिवा वर असतो हे रंग न कळणाऱ्यालाही कळते. कानांचेही फार कौतुक नको. मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात दोन आकडे म्हटले आणि त्याने ते परत सांगितले की पुरे. मान मात्र पाहावी. वर्षानुवर्षे सीटवर बसून मणक्याची झीज झालेल्या अनेकांना खांद्यावरून मागे पाहता येत नाही; ते आरशावर भागवतात, आणि आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यातच दुचाकी असते.

आता साखर. 'मधुमेह आहे का?' हा प्रश्न उपयोगाचा नाही. चालक 'नाही' म्हणतो, आणि 'हो' म्हटले तरी त्यातून धोका किती ते कळत नाही. विचारायचे ते असे: गोळी कोणती? नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायकरीत्या खाली जाणे विरळा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती जाते, आणि ती नेमकी जेवण लांबले की जाते. सकाळी गोळी घेतली, नाश्ता करणार तोच लांबचे भाडे मिळाले, वाहतूक कोंडीत दोन तास गेले, हा टॅक्सीवाल्याचा रोजचा क्रम आहे. साखर (दर डेसिलिटर रक्तात) ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. आणखी खाली गेली की निर्णय चुकू लागतात. माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो आणि आपले काही बिघडले आहे हेच त्याला कळत नाही. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांना तर घामाची आगाऊ सूचनाही मिळेनाशी होते. म्हणून तपासणीला येताना औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप घेऊन या, असे अर्जातच छापावे. तोंडी उत्तरापेक्षा स्ट्रिप जास्त खरे बोलते.

ब्रिटनमध्ये बस-ट्रकचालकांसाठीचे कडक वैद्यकीय निकष अनेक ठिकाणी टॅक्सीलाही लावतात. तिथे इन्सुलिन घेणाऱ्या व्यावसायिक चालकाने गाडी सुरू करण्याआधी दोन तासांच्या आत आणि पुढे दर दोन तासांनी साखर तपासायची असते. मोजमाप ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी काही खायचे, साधारण ७२ च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे, कारण रक्तातली साखर सुधारली तरी मेंदू मागाहून ताळ्यावर येतो. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणा असे आमचे म्हणणे नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर फार उतरवू शकणारी गोळी घेणाऱ्या चालकाच्या डॅशबोर्डमध्ये ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी असावी, आणि वाटेत लक्षणे जाणवली तर गाडी कडेला, इंजिन बंद, तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, हा क्रम त्याला तोंडपाठ असावा, एवढे तर आजही करता येईल. मधुमेहींच्या तळपायाची संवेदनाही जाते. ब्रेकवर पाय किती दाबला हे ज्याला जाणवत नाही तो उशिरा किंवा फार जोरात दाबतो. दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने तळवा टोचून पाहण्याची चाचणी एका मिनिटात होते.

रक्तदाबाच्या बाबतीत चूक मोजण्याच्या पद्धतीत होते. रांगेत तासभर उभा, चहा-तंबाखू झालेली, लघवी तुंबलेली, आणि आत बोलावताच पट्टा बांधला, तर कोणाचाही दाब चढलेला दिसेल. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा; दंड हृदयाच्या पातळीत; जाड दंडाला मोठा पट्टा; मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. एवढे करूनही वरचा १८० किंवा खालचा १०० च्या पुढे राहत असेल तर उपचार सुरू होऊन तो उतरेपर्यंत स्टिअरिंग नको. सरसकट सगळ्यांचा ईसीजी काढण्याची सूचना मात्र आम्हाला पटत नाही. विश्रांतीतला ईसीजी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या बऱ्याच जणांत साफ निघतो, आणि मग तोच कागद सुरक्षिततेचा दाखला म्हणून मिरवला जातो. जिना चढताना छातीवर दाब येतो का आणि गेल्या वर्षभरात कधी भोवळ येऊन पडलात का, हे दोन प्रश्न नीट विचारा. एकाचेही उत्तर 'हो' आले तर ईसीजी आणि पुढच्या तपासण्या अनिवार्य करा.

आणि झोप. चालक अचानक कोसळल्यामुळे होणाऱ्या अपघातांपेक्षा डुलकीने होणारे कितीतरी जास्त, तरी तपासणीत झोपेला जागा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ६७ मीटर बिनचालकाची जाते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्याच्या पातळीवर येते. आपल्याकडे मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहाला या मर्यादेपलीकडे असतो. त्याच्या तोंडाला यंत्र लावले तर आकडा शून्य येतो. केंद्राच्या २०२० च्या ॲप-टॅक्सी मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १२ तास लॉग-इन आणि त्यानंतर १० तास विश्रांती सांगितली होती. दोन ॲपवर चालणाऱ्याचे तास एकत्र मोजले तरच त्या आकड्याला अर्थ आहे. स्टँडवरच्या आणि पाळीने गाडी भाड्याने घेणाऱ्या चालकाचे तास तर कोणीच मोजत नाही. गाडीमालकाचे रोजचे पैसे सुटेपर्यंत तो थांबूच शकत नाही.

काहींना सात-आठ तास झोपूनही डुलकी येते. झोपेत घसा मिटून श्वास अडखळतो, मेंदू दर थोड्या वेळाने अर्धवट जागा होतो, सकाळी डोके जड. जाड मान, सुटलेले पोट, मोठ्याने घोरणे आणि चढा रक्तदाब ही त्याची चौकडी. 'दिवसा झोप येते का?' असे लायसन्सच्या टेबलावर विचारले तर कोण 'हो' म्हणेल? म्हणून मोजता येईल ते मोजा. गळ्याचा घेर टेपने ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आला, म्हणजे शर्टाची कॉलर साधारण १६ नंबरच्या वर गेली, आणि जोडीला रक्तदाबही चढलेला असला, तर घरच्या माणसाला विचारा की हे झोपेत श्वास थांबवतात का. उत्तर पत्नीकडून खरे मिळते. निदान पक्के झाले तर रात्री मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या यंत्राने बहुतेकांची दिवसाची झोप काही आठवड्यांत उतरते आणि चालक पुन्हा कामावर येतो. या आजारात लायसन्स काढून घेण्याची वेळ क्वचितच येते.

सर्दीच्या गोळ्यांचाही उल्लेख हवा. क्लोरफेनिरामीन असलेली गोळी चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि दिवसभर गुंगी ठेवते. औषधाच्या दुकानात 'गाडी चालवता का?' एवढे विचारायची पद्धत पडली तरी बरेच साधेल.

हे सगळे माहीत असून डॉक्टर का करत नाहीत? कारण फॉर्म ते मागत नाही, आणि जे मागतो तेही 'अर्जदाराला मी स्वतः तपासले' या छापील वाक्याखाली सही करून होते. फोटो चिकटवलेला अर्ज येतो, अर्जदार येतोच असे नाही. एजंटमार्फत आलेल्या गठ्ठ्यात एखाद्याला 'अयोग्य' ठरवणाऱ्या डॉक्टरकडे पुढचा गठ्ठा येत नाही, एवढे साधे अर्थकारण आहे. प्रमाणपत्र लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवरून चढवण्याची सोय झाली तरी तपासणी ऑनलाइन होत नसते. तपासणारा डॉक्टर अर्जदाराने किंवा एजंटने निवडू नये, पोर्टलने यादीतून नेमून द्यावा. आणि 'योग्य' या शब्दाऐवजी आकडे भरायला लावावेत. प्रत्येक डोळ्याची दृष्टी, रक्तदाबाच्या दोन नोंदी, साखर, गळ्याचा घेर, चालू औषधे. न तपासता 'योग्य' लिहिणे सोपे असते. पन्नास जणांचे आकडे मनाने रचायला गेले की ते एकसारखे येतात आणि संगणकालाही ओळखू येतात.

कायद्यातला एक विचित्र पेचही दाखवायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली स्वतःचा आजार माहीत असूनही लोकांना धोका होईल अशी गाडी चालवणाऱ्याला पहिल्या वेळी एक हजार, पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड आहे. 'माहीत असूनही' हे शब्द न्यायाचे आहेत, पण त्यांचा व्यवहारातला अर्थ चालक असा लावतो की तपासूनच घेऊ नये. फिट येणाऱ्याचे तसेच. लायसन्स जाईल म्हणून तो आजार लपवतो, लपवायचा म्हणून नियमित औषधाला जात नाही, आणि औषध चुकले की फिट येते. गोळ्या वेळेवर घेणारा आणि डॉक्टरांना खरे सांगणारा रुग्ण न घेणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो. आपली रचना नेमकी त्यालाच शिक्षा करते. प्रवासी वाहन फिटच्या रुग्णाने चालवू नये, याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्याला दुसरे काम मिळवून देण्याची सोय नसेल तर तो खरे सांगणार नाही, हेही धरून चालावे.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. लायसन्सच्या वर्गाशी बांधलेली वैद्यकीय अट २०२४ च्या निकालानंतर सैल झाली आहे, तर ती प्रवासी वाहतुकीशी बांधावी: टॅक्सीचे परमिट देताना आणि ॲप कंपनीला परवाना देताना, 'गाडीवर बसणाऱ्या प्रत्येक चालकाची चालू वैद्यकीय नोंद' ही अट घालण्याचा मार्ग मोटार वाहन कायद्यात आहे. चाळिशीपर्यंत पाच वर्षांनी, चाळीस ते साठ दर दोन वर्षांनी, साठीनंतर दर वर्षी. सामग्री फार नाही: दृष्टीचा तक्ता, टॉर्च, दोन मापांचे पट्टे असलेले रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, शिंप्याचा टेप, नायलॉनचा धागा. एका चालकाला वीस मिनिटे.

आणि फॉर्ममध्ये 'योग्य' व 'अयोग्य' यांच्या मधोमध तिसरा रकाना हवा: 'तात्पुरते अयोग्य, फेरतपासणीची तारीख'. कलम १६ नुसार, चालक आजारामुळे अपात्र असल्याची वाजवी शंका असेल तर नव्याने प्रमाणपत्र आणण्याच्या अटीवर लायसन्स चालू ठेवण्याचा अधिकार आरटीओला आहेच. त्याला फक्त कागदावर जागा द्यायची आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला चालक चार-सहा आठवड्यांत परततो, चढलेला रक्तदाब बहुधा त्याआधी उतरतो. तेवढ्या आठवड्यांचा गाडीचा हप्ता कोण भरणार, या एका प्रश्नावर ही सगळी व्यवस्था चालेल किंवा बसेल. राज्यात ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले आहे. तिसऱ्या रकान्यात नाव आलेल्या चालकाला फेरतपासणीच्या तारखेपर्यंत निर्वाह भत्ता देणे हे या मंडळाच्या कामांत पहिल्या क्रमांकावर घ्यावे, आणि ॲप कंपन्यांनी तेवढ्या काळात त्या चालकाचे खाते बंद न करता नुसते थांबवून ठेवावे.

आपले,
व्यावसायिक चालकांची वैद्यकीय तपासणी करणारे काही डॉक्टर
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत.)